डावी बाजू, उजवी बाजू

माझ्या आयुष्यातलं पहिलं बटण ३१०, १४५ या पत्त्यावर राहत होतं. म्हणजे खिडकीच्या डाव्या कडेपासून ३१० ठिपके आत आणि वरच्या कडेपासून १४५ ठिपके खाली. बटणावर लिहिलं होतं, ‘पट्टी काढा’. इतका काटेकोर पत्ता अख्ख्या सांगलीत दुसऱ्या कुणाचा नसेल. माझं स्वतःचं घर सांगायचं तर मी ‘शंभर फुटी रस्त्यानं या, गिरणी लागली की डावीकडं, पुढं कुणालाही विचारा’ एवढंच सांगतो, आणि माणसं चहाच्या वेळेला बरोबर पोचतात. बटणाला मात्र मी ठिपके मोजून घर दिलं. तिथं ते आठ दिवस राहिलं.

प्रकरण सुरू झालं मार्केट यार्डात. वडिलांच्या ओळखीतले अण्णा तिथं हळदीची अडत करतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती आपलं मानांकन लोकांच्या कपड्यांवर उमटवत आली आहे. अण्णांच्या दुकानात पाच मिनिटं बसलं की पांढऱ्या शर्टाची हळद लागून होते. अक्षता तेवढ्या राहतात. त्या पिवळ्या भुकटीत वर्षानुवर्षं काढून अण्णांचा जुना कॉम्प्युटर अखेर शांत झाला आणि त्याच्याबरोबर पट्ट्या काढायचा प्रोग्रामही गेला. तो लिहिणारा माणूस आता कुठं असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग वडिलांनी, मला न विचारता, ‘आमचा पोरगा करील की’ असं सांगून टाकलं.

काम तसं छोटं. शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचा प्रकार (हळकुंड की गड्डा), पोती, वजन, दर. त्यातून हमाली, तोलाई वजा. आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशोबाची पट्टी.

“फार काय न्हाई,” अण्णा म्हणाले, “दिवाणजींना कळंल आसं कर, म्हंजे झालं.”

हे वाक्य मी एका कानानं ऐकलं. पुढचं सगळं रामायण दुसऱ्या कानाचं आहे.

“अण्णा,” मी जरा ऐटीत म्हणालो, “मी हे डिझायनर न वापरता करणार आहे.”

“आरं मग! हळदीची पट्टी काढायची हाय, पैठणी न्हाई.”

अण्णांना सांगितलं नाही ते इथं सांगतो. प्रोग्रामची खिडकी दोन प्रकारे मांडता येते. एक म्हणजे व्हिज्युअल डिझायनर: पडद्यावर कोरी खिडकी, शेजारी बटणं-रकान्यांची पेटी, त्यातून हवी ती वस्तू उचलायची आणि आणून ठेवायची. मायक्रोसॉफ्टनं १९९१ साली व्हिज्युअल बेसिक बाजारात आणलं तेव्हापासून ही पद्धत घरोघरी गेली. तिच्यामागची ओढून आणून ठेवायची कल्पना अ‍ॅलन कूपर नावाच्या गृहस्थांची. त्याआधी विंडोजवर नुसती रिकामी खिडकी उघडायची तरी सी भाषेत पानभर लिहावं लागे. मग १९९८ साली व्हिज्युअल बेसिक ६ आलं आणि बोळाबोळात क्लास निघाले. त्या काळातल्या कित्येक प्रोग्रामांत अजूनही बटणाचं नाव ‘कमांड१’ आणि रकान्याचं नाव ‘टेक्स्ट१’ आहे. मूल शाळेत जायला लागलं तरी पाळण्यातलं नाव ‘बाळ’ तसंच राहावं, तसं.

दुसरा प्रकार म्हणजे सगळं हातानं कोडमध्ये लिहायचं. खिडकी, रकाना, बटण, कोण कुठं, सगळं शब्दांत. दिसत काहीच नाही. लिहून झाल्यावर प्रोग्राम चालवायचा आणि मग बघायचं. या पद्धतीची माणसं स्वतःला सोवळ्यातली समजतात. माउसनं बटण ओढणाऱ्याकडे ती बाजारातून पुरणपोळी आणणाऱ्या सुनेकडे बघावं तशी बघतात. गंमत म्हणजे डिझायनरसुद्धा आतल्या आत कोडच लिहीत असतो. विंडोज फॉर्म्समध्ये त्यानं लिहिलेल्या भागावर चक्क सूचना असते, की यातला मजकूर कोड एडिटरनं बदलू नये. म्हणजे स्वयंपाक त्याच चुलीवर होतो, फक्त ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावलेली. पण मी नवा बाटगा होतो. माझं सोवळं फार कडक होतं.

मी पायथॉन घेतलं आणि त्याच्याबरोबर फुकट येणारं टिकिंटर. त्याचा मूळ पुरुष टीके हा बर्कलीच्या जॉन ऑस्टरहाउट यांचा, जन्म १९९१चाच, म्हणजे व्हिज्युअल बेसिकच्या बारशाला हे बाळही रांगत असणार. टीकेमध्ये वस्तू मांडायच्या तीन तऱ्हा आहेत: प्लेस, पॅक आणि ग्रिड. प्लेस म्हणजे ठिपके मोजून जागा देणं. मी आलेखाची वही आणली, पेन्सिलला टोक केलं आणि प्लेस निवडलं. इंजिनिअर माणसाला आलेखाच्या वहीचा मोह आवरत नाही.

न बघता मांडायचं म्हणजे कसं, तर: आकडा लिहा. चालवा. बघा. बटण नऊ ठिपके उजवीकडं गेलंय. बंद करा. आकडा बदला. चालवा. आता ते चार ठिपके डावीकडं. बंद करा. संध्याकाळी आई डोकावली.

“काय चाललंय?”

“बटण सरकवतोय.”

“सकाळीही तेच चाललं होतं ना?”

“सकाळी उजवीकडं सरकवत होतो.”

“आणि दिवाळीत कपाट सरकव म्हटलं की तुझी कंबर धरते,” म्हणून ती गेली.

अखेर सगळं एका रेषेत आलं. माझ्या लॅपटॉपवर ती खिडकी इतकी देखणी दिसत होती की मी तिचा फोटो काढला. त्यानंतर ती तशी कधीच दिसली नाही.

अण्णांच्या दुकानात नवा कॉम्प्युटर जावयानं आणून बसवला होता. अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्यानं पडद्यावरचं सगळं १२५ टक्के करून ठेवलं होतं. जावयाचा हेतू चांगला होता. जावयाचा हेतू चांगलाच असतो. पण माझी अक्षरं मोजली होती पॉइंटांत आणि त्यांची घरं ठिपक्यांत. अक्षरं फुगली, घरं तेवढीच राहिली. ‘पट्टी काढा’मधलं ‘काढा’ भिंतीच्या पलीकडं गेलं. ‘तोलाई’ ‘हमाली’च्या अंगावर येऊन बसली.

त्यातही इंग्रजी लेबलं असती तर निभावलं असतं. इंग्रजी अक्षरं बाकावर बसवलेल्या पोरांसारखी, डोकं थोडं वर, पाय थोडे खाली. आपली देवनागरी म्हणजे तीन मजली वाडा. गच्चीत वेलांटी आणि रफार, मधल्या मजल्यावर मंडळी, आणि तळघरात उकार. डॉसच्या जमान्यात पडद्यावर देवनागरी आणायची तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात खोचावं लागे. आता ती फुकट मिळते, म्हणून तिची उंची आपण विसरतो. मी लेबलाची उंची ठेवली होती १८ ठिपके. तळघर गेलं. ‘सूट’चा ‘सट’ झाला आणि ‘तूट’चा ‘तट’. खर्चाचा रफार गच्चीवरून पडला आणि उरला ‘खच’.

अण्णांनी चष्मा वर केला. “ह्ये ‘तट’ काय रं? आनि ‘खच’? आपलं दुकान हाय का पानिपत?”

एवढ्यावर भागलं असतं तर मी लेबलं मोठी करून सुटलो असतो. पण आता दिवाणजी खुर्चीवर बसले.

अण्णांचे हिशोबनीस दिवाणजी म्हणजे पांढरा सदरा (मुळात), खिशाला दोन पेनं, आणि बोटांत कित्येक हंगामांच्या पट्ट्या. त्यांनी शेतकऱ्याचं नाव टाइप केलं आणि एंटर मारला. काही झालं नाही. पुन्हा मारला. मग माझ्याकडं पाहिलं.

“पुढं जात नाही.”

“दिवाणजी, एंटर नाही, टॅब दाबा. तिकडं, डाव्या बाजूला.”

त्यांनी टॅब दाबला. कर्सर नावावरून उडाला तो थेट हमालीवर. गाव, प्रकार, पोती, वजन, सगळ्यांना ओलांडून. कारण टीकेमध्ये टॅब चालतो जन्मक्रमानं. पडद्यावर कोण कुठं बसलाय हे तो बघत नाही. कोडमध्ये आधी कोण जन्मला तो थोरला. आणि मी हमालीचा रकाना आधी लिहिला होता, कारण तो सोपा होता.

“आधी हमाली?” दिवाणजी शांतपणे म्हणाले. “माल उतरायच्या आधीच?”

त्यांचा जुना प्रोग्राम फॉक्सप्रोमधला होता. तोही कोडमध्येच लिहिलेला, आणि त्यातही प्रत्येक रकान्याला पत्ता: ‘अ‍ॅट ५, १०’, म्हणजे ओळ क्रमांक ५, घर क्रमांक १०, तिथं ‘से’ म्हणजे हे छाप, आणि ‘गेट’ म्हणजे हे घे. मग मी तेच केलं तर माझंच का फसलं? कारण तेव्हा सगळ्या देशाचा पडदा एकाच मापाचा होता, २५ ओळी आणि ८० घरं. जिथं सगळ्यांची ताटं सारखी, तिथं वाटी कुठं ठेवायची ते मोजून सांगता येतं. शिवाय त्यात एंटर मारला की कर्सर पुढच्या रकान्यात जायचा. रकाना भरला तर न मारताही जायचा, वर ‘टिंग’ असा आवाज करायचा. दिवाणजी तो आवाज ऐकून काम करत. मान खाली, नजर वजनाच्या चिठ्ठीवर, बोटं आपोआप. पडद्याकडं ते दिवसातून दोनदा बघत असतील, आणि त्यातलं एकदा धूळ झटकायला.

मी बोटांसाठी प्रोग्राम लिहायचा होता. मी डोळ्यांसाठी लिहिला होता, आणि तेही माझ्याच.

“बाळ, इकडं ये,” दिवाणजी म्हणाले. ड्रॉवरमधून त्यांनी एक कोरा कागद काढला. आधी मधोमध दुमडला, मग परत दुमडला, परत एकदा दुमडला, नखानं दाबला, उघडला. कागदावर आठ रकाने, आणि एकही रेघ नाही.

“आमचे वडील रोजमेळ असा घालत. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. पट्टी लागत नाही, पेन्सिल लागत नाही. कागद लहान असला तरी आठ, मोठा असला तरी आठ.” मग माझ्या आलेखाच्या वहीकडं बघून म्हणाले, “रेघ मारली की ती तिथंच राहते. घडी कागदाबरोबर वाढते.”

मी इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली आहेत. एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी सगळे आकडे पुसले आणि ग्रिडकडं वळलो. ग्रिडमध्ये ठिपके नाहीत. तिथं फक्त ओळ कितवी आणि रकाना कितवा. कोण कुणाच्या शेजारी एवढं सांगायचं. मापाचं तो बघतो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही विद्या आपल्याकडं कुणीही शिकवायची गरज नाही. आपण जन्मभर पंगतीला बसलो आहोत. पान मांडलं की वरती मध्यावर मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या अंगाला भाजी, आमटी, मध्ये भात. वाढप्यानं कधी आलेखाची वही आणलेली नाही. पान केळीचं असो नाहीतर पत्रावळ, छोटं असो नाहीतर मोठं, मीठ मिठाच्या जागी आणि भात भाताच्या जागी. वाढायचा क्रमही ठरलेला. आमच्या आजीच्या पंगतीत भाताआधी जिलबी आली असती तर वाढप्याला टॅबच्या चुकीचा अर्थ कळला असता.

ग्रिडमधली सगळ्यांना छळणारी गोष्ट म्हणजे ‘वेट’. खिडकी ओढून मोठी केली की जी जादा जागा मिळते तिची वाटणी या आकड्यानं होते. ज्याचं वेट शून्य, त्याला जादा काही नाही. ज्याचं एक, त्याला एक वाटा. ज्याचं दोन, त्याला दुप्पट. हे मी पुस्तकात तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा विसरलो. पंगतीत चटकन कळलं. पान मोठं घेतलं म्हणून कुणी मीठ जास्त वाढत नाही, भात वाढतो. मिठाचं वेट शून्य, भाताचं एक. दिवाणजींच्या खिडकीत पोत्यांचा आकडा मीठ आणि शेतकऱ्याचं नाव भात. गावाकडची नावं मुळात लांब, आजोबांसकट येतात.

हे मी दुसऱ्या दिवशी अण्णांना उत्साहानं सांगायला गेलो. “अण्णा, आता सगळं बरोबर बसतं. नावाच्या रकान्याचं वजन एक केलंय.”

“एक काय? किलो का क्विंटल?”

“नुसतं एक.”

“आसं नुसतं एक आमच्या काट्यावर चालत न्हाई,” अण्णा म्हणाले.

मध्ये एक दिवस माझा आगाऊपणा पुन्हा उफाळला. खालच्या बटणांची रांग पॅकनं लावली. पॅक म्हणजे एकामागं एक सरळ रांग, नेमका बुफे. पण वरचे रकाने ग्रिडचे, आणि दोघांना मी एकाच चौकटीत ठेवलं. एका मांडवात पंगत आणि बुफे दोन्ही. पूर्वीच्या टीकेमध्ये असं केलं तर दोघं एकमेकांची मांडणी मोडत बसायचे: ग्रिड जागा ठरवायचा, पॅक ती बदलायचा, ग्रिड परत ठरवायचा, आणि प्रोग्राम तिथंच गोठायचा. आता शहाणपण येऊन तो आधीच चूक दाखवून थांबतो. उपाय घरगुती आहे: दोघांना वेगळ्या चौकटी द्या. चूल वेगळी झाली की नाती सुधारतात.

मग आला वर्षाचा हिशोब. दिवाणजींनी बटण दाबलं आणि खिडकी पांढरी पडली. माथ्यावर अक्षरं उमटली, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. हे सांगलीकराला समजावणं सोपं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या नाटकांत पात्रांची भाषणं लिहिलेली नसत. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढं न्यायचा आणि आपली वेळ आली की पात्रं उत्स्फूर्त बोलायची. खिडकीच्या प्रोग्रामात हे सूत्रधाराचं काम ‘मेनलूप’ करतो. तो वाट बघत उभा असतो. कुणी कळ दाबली की त्या पात्राला पुढं काढतो, त्याचं झालं की पुन्हा उभा. मी काय केलं, तर वर्षभराची पोती मोजायला सूत्रधारालाच गोदामात धाडलं. मग रंगमंचावर राक्षस तलवार उगारून तसाच, गणपती सोंड उचलून तसाच, आणि प्रेक्षक म्हणणार नाटक मेलं. मेलं काहीच नव्हतं. सूत्रधार पोती मोजत होता. मी ते काम एका वेगळ्या धाग्यावर, म्हणजे हमालाच्या डोक्यावर दिलं आणि सूत्रधाराला परत आणलं.

तेवढा वेळ लोकांना काहीतरी दिसावं म्हणून एक प्रोग्रेस बार घातला. निळी पट्टी हळूहळू भरत जाते ती. दिवाणजी ती बघून अस्वस्थ झाले.

“हे चढतंय की उतरतंय?”

“चढतंय. शंभरला पोचलं की झालं.”

“शंभर?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओशाळलो. आमच्या गावात भरत जाणारी पट्टी एकच, आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका; २०१९ साली ती ५७च्याही वर गेली होती. पावसाळ्यात आख्खं शहर ती पट्टी दर तासाला बघतं आणि ती पुढं सरकू नये म्हणून देवाला हात जोडतं. जगातल्या बाकी माणसांना पट्टी भरली की बरं वाटतं. आम्ही सामान माळ्यावर टाकायला लागतो. मी प्रोग्रेस बार काढला आणि नुसतं लिहिलं, ‘३२० पैकी ११५ पट्ट्या झाल्या’. दिवाणजींनी चहा मागवला.

शेवटी खिडकी झाली ती अशी: एंटर मारला की पुढं. नाव, गाव, प्रकार, पोती, वजन, दर, मग हमाली, तोलाई. डावीकडं येणारं, उजवीकडं वजा होणारं, खाली मधोमध पट्टी. तळघरातल्या उकारांना मोकळी जागा. बटण कुठल्या ठिपक्यावर आहे हे आता मलाही सांगता येणार नाही. तोलाईच्या खाली, डावीकडं, कुणालाही विचारा. अण्णांनी चष्मा लावून मागून पुढून पाहिलं आणि म्हणाले, “ह्यात नवीन काय केलंस?” मी आलेखाची वही गुपचूप पिशवीत टाकली.

मार्चमधल्या एका दुपारी, हंगाम भरात असताना, मी सहज दुकानात गेलो. बाहेर पोत्यांची थप्पी, आत शेतकऱ्यांची गर्दी, आणि लाईट गेली. यूपीएस चार वेळा ओरडला आणि गप्प झाला. पडदा काळा. दिवाणजींनी मान वरसुद्धा केली नाही. डाव्या हातानं ड्रॉवर उघडला, कागद काढला, तीनदा दुमडला, नखानं दाबला, उघडला, आणि ज्या रकान्यात कॉम्प्युटर बंद पडला होता त्याच्या पुढच्या रकान्यापासून लिहायला लागले. पोती. वजन. दर. मी वाकून पाहिलं. माझीच खिडकी होती. फक्त कोपऱ्यात बंद करायची फुली नव्हती.

अण्णा घाम पुसत आत आले. “लाईट गेलीय न्हवं? मग ह्ये कसं चालू हाय?”

“हे आधीपासूनच चालू आहे,” दिवाणजी म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या शेतकऱ्याचं नाव विचारलं.